व्याह्याच्या घशाला बसलेली मशीन

भैयाजी गिरडकरांना मी बरीच वर्षं ओळखते आणि त्या सगळ्या वर्षांत ते मला एकदाही आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की वैभवीनं माणसाचं चांगलं काही सांगितलंच नाही. त्या घरात जे काही चांगलं होतं ते त्यांच्या बायकोत होतं.

इतवारीत त्यांचं भांड्यांचं ठोक दुकान आहे. घर प्रताप नगरात, दुमजली, गेटवर पितळी अक्षरांत नाव, आणि ती अक्षरं चिंचेनं घासायला एक बाई. भैयाजींचा सगळा जन्म लोकांना काय दिसतं यात गेला. पाहुणे आले की काजूची ताटली बाहेर येते आणि पाहुणे वळले की उरलेले काजू परत बरणीत जातात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कुणाच्या लग्नाला गेले की आहेराचं पाकीट खिशातून काढून आधी चार लोकांना दिसेल असं धरतात, मग देतात.

माझं काम श्वासाच्या मशिनींचं. काही लोकांचा घसा झोपेत मिटतो, श्वास थांबतो, जीव घाबरून जागा होतो, पुन्हा डोळा लागतो आणि पुन्हा तेच. बाहेरच्याला नुसतं घोरणं ऐकू येतं. अशा माणसानं नाकावर मास्क लावून झोपायचं असतं. उशाशी ठेवलेली मशीन नळीतून हवा ढकलत राहते आणि घसा उघडा ठेवते. हवा किती जोरानं ढकलायची ते ज्याच्या त्याच्या घशावर असतं; एकाचा चष्मा दुसऱ्याला चालत नाही, तसंच. मी घरोघरी जाऊन या मशिनी तपासते, फिल्टर बदलते, आतलं सॉफ्टवेअर नवं करून देते.

भैयाजींचा घसा फार वाईट होता. धंतोलीतल्या डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं की हृदयावर आधीच ताण आलाय, मशीनशिवाय झोपाल तर एखाद्या सकाळी उठणार नाही. भैयाजींनी त्यातलं एवढंच ऐकलं की मशीन परदेशी आहे. दिवसा ती बैठकीतल्या शोकेसमध्ये, चांदीच्या गणपतीशेजारी, जरीच्या रुमालाखाली असायची. आल्यागेल्याला रुमाल उचलून दाखवायचे. "विदेशी होय. नागपुरात किती लोकायजवळ असन, सांगा बरं?" त्यांच्याच गल्लीत माझे आणखी पेशंट होते, पण मी बोलत नसे.

एका दसऱ्याला त्यांनी मशीनची पूजा केली. दुकानातल्या तराजूची करतात, गाडीची करतात, तशी हिचीही. हळदीकुंकू वाहिलं ते नेमकं मशीन जिथून हवा आत घेते त्या जाळीवर. पुढे कितीतरी दिवस भैयाजी लाल शिंका देत फिरले, आणि वर मलाच फोन करून म्हणाले, "तुमचा फिल्टर खराब निंगाला."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्या मागे गेटाकडे पाहिलं होतं. "मानूस कोनी नाही आला का सोबत?" मी म्हटलं, मीच आलीय. "अस्सं. मंग बसा." आणि मी काम करत असताना हात पाठीमागे बांधून उभे राहिले, दुकानातल्या नोकरावर लक्ष ठेवतात तसे. कौशल्याकाकूंनी मात्र पहिल्या दिवसापासून मला आधी पाणी दिलं, मग चहा दिला, आणि माझं लग्न का झालं नाही हे एकदाही विचारलं नाही.

या हिवाळ्यात कंपनीकडून कळवण्यात आलं की त्या मॉडेलच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये खोट आहे, मशीन चालता चालता मध्येच थांबू शकते. सगळ्यांच्या घरी जाऊन नवं घालून द्या. मी फोन करत सुटले. बाकीच्यांनी वेळ दिली. भैयाजींनी वाद घातला.

"चालत्या गाडीचं इंजिन काहून खोलता? मशीन मस्त चालून राहिली."

"मध्येच बंद पडू शकते, काकाजी."

"माह्याकडची वस्तू बंद नाही पडत."

शेवटी काकूंनीच मला बोलावून घेतलं. मी मशीनमध्ये कार्ड घातलं. पडद्यावर एक रेघ हळूहळू भरू लागली. ती पूर्ण होईपर्यंत कशालाही हात लावू नका, असं मी बजावलं, आणि माझं वाक्य संपायच्या आत भैयाजींनी पडद्यावर बोट टेकवून पाहिलं. आपल्या घरात आपल्याला कुणी 'हात लावू नका' म्हणतं हेच त्यांना सहन होत नसावं. नशिबानं रेघ थांबली नाही.

नवं सॉफ्टवेअर गेलं की जुनं माप पुसलं जातं. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, जुनं माप तसंही उपयोगाचं नाही, वजन वाढलंय यांचं. मशीनला आठवडाभर शिकू दे. म्हणजे मशीन रोज झोपेत घसा पारखत राहते आणि आठवडा संपला की हवेचा जोर स्वतःच ठरवून पक्का करते. अट एकच: त्या आठवड्यात मास्क दुसऱ्या कुणी लावायचा नाही. नाहीतर ती भलत्याचाच घसा शिकेल.

हे मी भैयाजींना सांगितलं, काकूंना सांगितलं, आणि निघताना दारात चपला घालताना पुन्हा दोघांना सांगितलं.

"माह्या मशीनले दुसरा कोन हात लावन?" भैयाजी म्हणाले.

त्याच आठवड्यात कन्हानहून व्याही आले.

भैयाजींच्या मुलीचं, भूमिकाचं, लग्न कन्हानच्या रोहितशी ठरलं होतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तोंडावर आलं होतं. मुलाचे आईवडील, रामाजी आणि जयवंताबाई, कपड्या-दागिन्यांच्या खरेदीला इतवारीत येणार होते. कन्हान काही काळ्या पाण्यापलीकडे नाही, सकाळी येऊन संध्याकाळी परतता येतं. पण भैयाजींनी त्यांना हट्टानं आपल्याच घरी उतरवून घेतलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणतात. इथे घोडं आमंत्रण देऊन आणलं होतं.

पुढचं मला नंतर काकूंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तर्री-पोहे खाताना जयवंताबाई हसत म्हणाल्या, "यायच्या घोरन्यानं मले डोळाच नाही लागला, बाप्पा. तुमाले बी तरास झाला असन." साधं बोलणं होतं. दुसऱ्या कुठल्याही घरी त्यावर हसून विषय संपला असता. पण मुलाकडच्या माणसाला आपल्या छताखाली त्रास झाला, म्हणजे भैयाजींच्या लेखी भरल्या पंगतीत भात कमी पडला. त्यांनी शोकेस उघडून रुमाल उचलला.

"इवाई, आजपासून तुमी हे लावून झोपा. आमच्या घरी आलेला मानूस आरामात झोपला पायजे."

काकू म्हणाल्या, "अजी, वैभवीनं सांगतलं होतं ना, दुसऱ्या कोनाले..." भैयाजींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. मग भैयाजींनी स्वतःच्या हातांनी व्याह्याच्या डोक्यावर पट्टे बसवले.

रामाजी सडसडीत माणूस. त्यांचं घोरणं किरकोळ. मास्क लावून ते असे गाढ झोपले की सकाळी उठवावं लागलं. त्या झोपेची त्यांना चटकच लागली. दोन दिवसांची खरेदी लांबत गेली. शालू बदलून आणायचा राहिला, सोनाराकडे पुन्हा जायचं राहिलं. सगळा आठवडा तिथेच निघाला. आणि ज्यांच्या घशासाठी हा खटाटोप चालला होता ते भैयाजी त्या आठवड्यात वरच्या खोलीत खुर्चीवर बसून झोपले. आडवं झालं तर खाली व्याह्यांना घोरणं ऐकू जाईल म्हणून.

मी गेले तेव्हा पाहुणे नुकतेच निघाले होते. मास्क हातात घेतला आणि मला कळलं. पट्टे एवढे आवळलेले होते की भैयाजींच्या जबड्यावर ते चढलेच नसते. मशीननं पक्का केलेला जोरही एखाद्या हडकुळ्या माणसाला पुरेल इतकाच. समोर भैयाजी बसले होते, डोळे लाल, बोलता बोलता मान छातीवर पडत होती.

"हा मास्क कोनं लावला होता, काकाजी?"

"कोन लावन? मीच."

"तुमच्या डोक्याले बसते का हा? लावून दाखवा."

"तुमी सर्व्हिस कराले आल्या का पोलिसात भरती झाल्या?"

काकू दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी चहाचा ट्रे उचलला आणि आत गेल्या. हात धुवायच्या निमित्तानं मी त्यांच्या मागे गेले, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, नळ चालू ठेवून, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

मी तशीच बैठकीत आले. "मशीन तुमच्या इवायाच्या घशाले बसली आहे. तुमाले आता तिचा उपयोग टेबलफॅनएवढा."

"हळू बोला," भैयाजी म्हणाले. जिवावर बेतलेल्या माणसाला त्यातलं एवढंच खटकलं होतं. "कन्हानवाले आयकतीन तं काय म्हनतीन? मुलाच्या बापाले बिमारी हाय म्हनतीन. माहे इवाई एकदम फिट होय."

"आन तुमी?"

"मी बी फिट. आताच नाकाले धरून पाह्यली, हवा नरम लागून राहिली. बरं वाटते."

नरम लागणारच. पुरेशी हवा येतच नव्हती, तर टोचणार काय? मी डॉक्टरांना फोन लावून तो भैयाजींच्या हातात दिला. पलीकडून डॉक्टर ओरडत होते ते मलाही ऐकू येत होतं. भैयाजी "हो साहेब, हो साहेब" करत राहिले. मोठ्या माणसापुढे ते असे काही लोण्यासारखे होतात की पाहवत नाही. मी आठवडाभराचं शिकणं पुन्हा लावून दिलं, पट्टे सैल करून त्यांच्या डोक्याला बसवले. त्यांनी मुकाट्यानं मान वाकवली. मला वाटलं, झालं काम.

साक्षगंध त्याच आठवड्यात होतं. काकूंनी आग्रह केला म्हणून मी गेले. हॉल माणसांनी भरलेला, भैयाजी फेटा बांधून स्टेजवर. अंगठ्या घालून झाल्या, भूमिकाची ओटी भरून झाली, आणि कुणीतरी रामाजींच्या हातात माइक दिला. त्यांना बोलायची सवय नव्हती. जे मनात आलं ते बोलून गेले.

"इवायाच्या घरी माह्यी जे झोप झाली, तशी जिंदगीत नाही झाली. थे मशीन नाही, जादू होय. कन्हानले गेलो आन झोप पयाली."

लोक हसले. रामाजींना काही मागायचं नव्हतं, ते आभार मानत होते. पण आपल्याकडे व्याह्यानं एखाद्या वस्तूची तारीफ केली की ती वस्तू आपली राहत नाही. साडीची केली तर साडी, गाईची केली तर गाय. आणि ही तारीफ तर माइकवर झाली होती. भैयाजींनी लगेच ड्रायव्हरला घरी पिटाळलं. जेवणं सुरू व्हायच्या आत मशीन आली, पितळी ताटात, जरीच्या रुमालासकट, वर नारळ ठेवून.

"माह्या इवायाच्या झोपेपेक्षा कोनतीच वस्तू मोठी नाही," भैयाजी म्हणाले. टाळ्या पडल्या.

रामाजी खरोखर घाबरले. त्यांनी हात जोडले. "नाही जी, इवाई. थे तुमाले डॉक्टरनं देल्ली. तुमाले लागते थे."

इथे अजून सगळं सावरता आलं असतं. 'तुमच्यासाठी दुसरी आणतो' एवढं म्हटलं असतं तरी मान राहिला असता, टाळ्याही पडल्या असत्या. पण एवढ्या लोकांसमोर आपण आजारी आहोत हे कबूल करावं लागलं असतं. भैयाजी हसले आणि माइक तोंडाजवळ घेतला.

"मले आता काही गरज नाही. मी बिलकुल बरा झालो. डॉक्टरनंच बंद कराले सांगतलं."

त्या क्षणी मला त्या माणसाची जेवढी किळस आली तेवढी आयुष्यात कुणाची आली नाही. मी काकूंकडे पाहिलं. त्या टाळ्या वाजवत होत्या. स्टेजवर उभी असलेली बाई दुसरं काय करणार होती?

मशीन कन्हानला गेली. शिकण्याचे उरलेले दिवस तिनं पुन्हा रामाजींच्या घशावर काढले आणि त्यांच्या मापाला चांगली पक्की बसली. मला माहीत आहे, कारण आता ती मीच तपासते. रामाजींच्या मनाला ते लागून राहिलं होतं. ते एकदा ती परत घेऊनही आले. भैयाजींनी त्यांना पाटवडी-रस्सा खाऊ घातला आणि मशीनसकट परत पाठवलं. देल्ली वस्तू वापस घेत नसतेत, म्हणाले.

मी त्यांना दुकानात गाठलं. म्हटलं, नवी घ्या, तुमाले काय कमी आहे?

"कशाले? साऱ्या हॉलानं आयकलं ना, मी बरा झालो म्हनून. आता घरी मशीन दिसली तं?"

"आतल्या खोलीत ठेवा. कोन पाहते?"

"लगनघर होय. मानसं येऊन-जाऊन राहतीन. इवाई येतीन. त्यायले समजन का मी माइकवर खोटं बोललो." एवढं बोलून ते पातेल्यांच्या चवडीला टेकले आणि त्यांचा डोळा लागला. मी समोर उभी, गिऱ्हाईक समोर उभं. घशातून एक घरघर आली आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही. नोकर भांडी पुसत राहिले. त्यांना सवय झाली होती.

आमच्या ऑफिसात एक जादा मशीन असते, कुणाची दुरुस्तीला आली तर तेवढ्यापुरती द्यायला. डॉक्टरांना विचारून मी ती भैयाजींसाठी लावली आणि कापडी पिशवीत घालून काकूंकडे नेऊन दिली. पलंगाखाली ठेवा म्हटलं, झोपताना काढा, कुणाला कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर ती पिशवी परत घेऊन आला, सोबत संत्रा बर्फीचा डबा. घरकाम करणारी बाई पलंगाखाली झाडताना पाहील, असा भैयाजींचा निरोप होता. घर झाडणाऱ्या बाईसमोरही या माणसाला बरं झालेलं दिसायचं होतं. पडलो तरी नाक वर ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण श्वास बंद पडला तरी नाक वर ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. बर्फी मी गेटाबाहेरच्या कुत्र्यांना घातली.

मग एका दुपारी काकू स्वतः ऑफिसात आल्या. हातात भाजीची पिशवी. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. मी पाणी दिलं. त्या पाणी न पिता ग्लास धरून बसल्या.

"वैभवी, एक विचाराचं होतं वं. यायचा श्वास थांबला का मी हालवते. आधी खांद्याले हालवलं तं उठत होते. आता गालाले मारा लागते. मंग घेतेत श्वास. तं किती थांबाचं? तुही मशीन किती थांबते?"

मला आधी वाटलं, त्या तक्रार घेऊन आल्यात. मग समजलं, त्या काम शिकायला आल्या होत्या.

"मशीन थांबत नाही, काकू. थे घसा मिटूच देत नाही."

"थे मले नाही जमनार. मिटल्यावरचं सांग."

मी पुन्हा सांगून पाहिलं, भैयाजींशी भांडा, भूमिकाला सांगा, डॉक्टरांना घरी बोलवा. त्यांनी मान हलवली. भूमिकाला सांगितलं तर ती सासरी सांगेल, आणि भैयाजींनी शपथ घातली होती. म्हणून मी त्यांना दाखवलं. कुशीवर कसं वळवायचं, पाठीशी लोड कसा लावायचा म्हणजे माणूस उताणा होत नाही, उशी किती उंच हवी, श्वास चाललाय हे अंधारात हातानं कसं ओळखायचं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, मध्ये मध्ये स्वतःशी पुटपुटून घोकत होत्या. मिरवण्यासाठी जन्मलेल्या त्या माणसाचा श्वास आता या बाईच्या जागरणावर चालला होता, आणि नेमकं तेवढंच त्यानं कुणाला दाखवलं नव्हतं.

"तुमी झोपता कधी, काकू?"

"थे दुकानात गेले का दिवसा पडते थोडीशी. पन लगनघर होय, मानसं येऊन राहिले."

त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला, पिशवी उचलली, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"एखांद्या दिवशी मले डोळा लागला तं, वैभवी?"

मी खुर्चीवरून उठले. तोवर त्या पालक सुकून राहिली म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.